लांब फळीला टेकू हवा



मागच्या वर्षी याच पत्रिकेत एक फोटो छापला होता. मावळातल्या एका वस्तीवर पत्र्याच्या खोलीसमोर नवे कोरे टेबल कटर, त्याच्या शेजारी हार घातलेला आपला तरुण, मागे पाळकसाहेब, मंडळीतले दोघे वडीलधारे आणि कडेला मी. मशीन तुमच्या दानातून घेतले होते. प्रार्थना झाली, चहा झाला, आम्ही पिंपरीला परतलो. त्या फोटोत एक वस्तू नव्हती आणि ती नाही हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही. मशीनच्या मागे फळी टेकवायला काहीच नव्हते.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या तरुणाची डाव्या हाताची दोन बोटे पात्याला लागली. देवाच्या कृपेने बोटे वाचली. टाके पडले आणि दीड महिना काम बंद राहिले. मी भेटायला गेले तेव्हा तो म्हणाला, "ताई, मी पात्याजवळ हात नेलाच नव्हता. फळी उचलली, म्हणून दाबली."

मला आधी हे सबब सांगितल्यासारखे वाटले, हे कबूल करते. तसे नव्हते. तो अक्षरशः खरे सांगत होता, आणि त्याचे म्हणणे समजून घ्यायला मला आपल्या मंडळीतल्या एका निवृत्त काकांकडे जावे लागले. त्यांनी भोसरीच्या एका पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लाकडी साचे बनवतात तिथे, आयुष्य काढले आहे. त्यांनी शिकवलेले इथे मांडते, कारण जे दान देतात त्यांना दानाबरोबर काय द्यायचे राहिले तेही कळले पाहिजे.

आधी हे काम काय आहे ते थोडे सांगते. चाकण, भोसरी, तळेगावच्या कारखान्यांत यंत्रे आणि सुटे भाग लाकडी पेट्यांतून येतात. पेटी उघडली की ते पाइनचे लाकूड भंगारात जाते. त्यातल्या बऱ्याच फळ्या सरळ आणि कोरड्या असतात. साध्या पॅलेटच्या फळ्या आखूड असतात, पण मोठ्या यंत्राच्या पेटीतून आठ, दहा फुटांची फळीही मिळते. आपले तरुण त्यातून मांडण्या, बाजा, बाके आणि घरकुलांची आतली दारे करतात. कातकरी समाज केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांच्या यादीत आहे. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन योजनेत या गटांसाठी पक्की घरे आहेत, आणि घर झाले की मांडणी लागते, दार लागते. ज्यांच्या नावातच कात आहे, ज्यांचे आजे-पणजे खैराचा कात काढत आणि कोळसा पाडत, त्यांची मुले आज लाकूड ओळखायला शिकवावी लागत नाहीत. मशीन शिकवावे लागते.

(पेटीच्या लाकडाबद्दल एक सूचना. परदेशातून आलेल्या लाकडावर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो. त्यावर एचटी अक्षरे असली तर ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटे तापवलेले असते. एमबी म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. आपण एचटीच घेतो. आणि कापण्याआधी चुंबक फिरवून खिळे शोधतो.)

आता मूळ मुद्द्याकडे. काकांनी जेवणाच्या टेबलाच्या काठावर एक फूटपट्टी ठेवली आणि ती हळूहळू बाहेर सरकवायला लावली. तुम्हीही करून पाहा. अर्ध्यापर्यंत काही होत नाही. अर्ध्याच्या पुढे गेली की पट्टी पुढून पडते आणि मागून उठते. "हीच तुमची फळी," काका म्हणाले.

पूर्वीच्या सुतारकामात लाकूड जागेवर असे आणि करवत चाले. मोठा ओंडका उंच घोड्यांवर ठेवून एक माणूस वर, एक खाली उभे राहून करवत ओढत. लाकूड आधीच टेकलेले असे. टेबल कटरमध्ये उलटे आहे. पाते जागेवर फिरते आणि लाकूड चालते. चालणाऱ्या लाकडाला आरंभी एका ठिकाणी आधार लागतो, शेवटी दुसऱ्या ठिकाणी.

समजा फळी ८ फुटांची आहे आणि पात्यापासून टेबलाचा मागचा काठ १ फुटावर आहे. फळी लांबीत फाडायची आहे. फळीचे पुढचे टोक मागच्या काठाबाहेर ४ फूट गेले की ती तोलावर आली. तेव्हा काठाच्या अलीकडे ४ फूट उरलेली असते. त्यातली १ फूट पाते ओलांडून गेलेली, म्हणजे अजून ३ फूट काप बाकी. हे ३ फूट पार पाडताना फळी प्रत्येक क्षणी पुढून पडू पाहते आणि मागून, पात्याच्या बाजूने, उचलू पाहते.

८ फूट लांब, ६ इंच रुंद, १ इंच जाडीची पाइनची फळी साधारण ५ किलोची असते. अगदी शेवटी, मागचे टोक पात्याशी आले तेव्हा, फळीचा मध्य काठाच्या बाहेर ३ फुटांवर असतो आणि हात काठाच्या आत जेमतेम १ फुटावर. तरफेचा हिशेब शाळेतलाच आहे. पाच किलोची फळी खाली ठेवायला हाताला पंधरा किलोचा जोर लावावा लागतो. आणि हा जोर जिथे लावायचा, तिथेच पाते आहे. फळी उचलते, तिरकी होते, पात्याच्या मागच्या दात्यांवर चढते, आणि कधी माणसाच्या अंगावर उसळून येते. हात सुटला तर तो खाली, पात्याकडेच जातो. आपल्या तरुणाने चूक अशी केलीच नव्हती. फळी उचलली, म्हणून त्याने दाबली. कोणीही दाबली असती.

त्यामुळे आधार एकच देता येत असेल तर तो मशीनच्या मागे द्यावा, जिथून फळी बाहेर पडते. सुरुवातीला शेपूट लांब असताना ती खाली लवते हे खरे, पण तेव्हा माणूस स्वतः तिला धरून असतो आणि हात पात्यापासून दूर असतो. दोन आधार असतील तर उत्तमच. दहा फुटांपुढच्या फळीला दोन्हीकडे हवेतच, कारण अधांतरी लांबी दुप्पट झाली की नुसत्या स्वतःच्या वजनाने फळी सोळापट लवते.

आधार ठेवायचा कुठे? काकांचा नियम सोपा आहे: पात्यापासून फळीच्या अर्ध्या लांबीवर, किंवा हातभर पुढे. आठ फुटांच्या फळीला पात्यामागे ४ ते ५ फुटांवर. म्हणजे काप संपतो तेव्हा फळीचा तोल टेबल आणि घोडी यांच्यामध्ये राहतो आणि हाताला दाबावे लागत नाही, फक्त पुढे सारावे लागते. तेही शेवटच्या फुटात हाताने नाही, ढकलकाठीने.

उंची टेबलापेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी. जास्त ठेवली तर येणारी फळी घोडीच्या काठाला धडकते आणि माणूस जोर लावून ढकलतो. फार कमी ठेवली तर ती असून नसल्यासारखी. फळीचे टोक थोडे लवूनच येते, म्हणून घोडीच्या वरच्या फळीची येती कड रंध्याने उतरती करावी. टोक आपोआप चढते. वस्तीवरच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर उंची रोज बदलते, हा अनुभव आहे. म्हणून पायाखाली घालायला पातळ पाचरी घोडीलाच दोरीने बांधून ठेवल्या.

घोडीच्या माथ्यावर रूळ लावावा की गुळगुळीत फळी, यावर काकांचे आणि माझे थोडे वाजले. मला रूळ आवडला होता. आपल्या भागात जुन्या कन्व्हेयरचे रूळ भंगारात मिळतात आणि फळी त्यावरून लोण्यासारखी सरकते. काका म्हणाले, रूळ चांगलाच, पण तो पात्याच्या रेषेशी काटकोनात असला तरच. जरा तिरका बसला की तो फळीला गाइडपट्टीपासून दूर ओढून नेतो, आणि पाते अडकते. गुळगुळीत फळी कोणत्याच बाजूला ओढत नाही. शेवटी आम्ही सनमायकाचा तुकडा चिकटवलेली फळी बसवली आणि त्यावर मेणबत्ती घासली. नाताळच्या मेणबत्त्यांचे उरलेले तुकडे महिला मंडळाने डबाभर दिले. त्यांचा इतका चांगला उपयोग होईल असे त्यांनाही वाटले नव्हते.

खोली १० बाय १२ ची. ८ फुटांची फळी फाडायला पात्याच्या पुढे ८ आणि मागे ८, अशी १६ फुटांची सरळ वाट लागते. यावर उत्तर वस्तीवरच्याच एका आजोबांनी काढले: मशीन फिरवा आणि तोंड दाराकडे करा. आता फळी कापून दारातून अंगणात निघते आणि घोडी अंगणात उभी असते. काम चालू असताना दारासमोर दोरी बांधायची, म्हणजे पोरे-कोंबड्या वाटेत येणार नाहीत. कोंबड्या दोरी मानत नाहीत, पण पोरे मानतात.

आता माणसाच्या मदतीबद्दल. घरच्या कामात घोडी नसली की पलीकडे बायको उभी राहते, नाहीतर सातवीतला भाऊ. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचीच मला सगळ्यांत जास्त काळजी आहे. लहान मुलाला तिथे उभे करायचेच नाही, यात दुसरे मत नको. मोठे माणूस असेल तरी त्याने काय करायचे हे त्याला ठाऊक हवे. पलीकडच्याला वाटते, आपण ओढले तर काम लवकर होईल. ओढले की फळी तिरकी होते. त्याला वाटते, उचलून धरले तर बरे. उचलले की फळी टेबलावरून सुटते. पलीकडच्याने फक्त तळहात खाली धरायचे आणि फळीला त्यावरून येऊ द्यायचे. चालवणार एकच जण, मशीनपुढचा. निर्गमाच्या सतराव्या अध्यायात मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी त्याला दगडावर बसवले आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सावरून धरले. काठी त्यांनी आपल्या हातात घेतली नाही. हा उतारा मी कितीदा तरी ऐकला आहे, पण मदतनीसाने काय करायचे नाही हे त्यात आहे, ते मला अंगणात उभी राहून कळले.

आडवे कापताना हिशेब वेगळा. फळी दोन टोकांना टेकवून मधोमध कापली तर ती मध्यावर लवते, चीर वरून मिटते आणि करवत असो वा पाते, चावले जाते. म्हणून कापाच्या दोन्ही बाजूंना, जवळच, टेकू हवा, आणि सुटणारा तुकडा मोकळा राहायला हवा. एका टोकाचा तुकडा अधांतरी ठेवून कापला तर शेवटी तो स्वतःच्या वजनाने मोडतो आणि खालचा पापुद्रा फाडून नेतो. फार लांब किंवा जड लाकूड, चौकटीचा उभा दांडा वगैरे, टेबलावर न्यायचेच नाही. ते चार घोड्यांवर ठेवायचे आणि हातातले कटर त्याच्यावरून चालवायचे.

काही गोष्टी घोडीने होत नाहीत. पात्यामागचे पोलादी पान, जे चीर मिटू देत नाही, ते मशीनबरोबर येते आणि बरेच जण काढून ठेवतात. ते बसवलेलेच हवे. हातमोजे नकोत, सैल बाही नको, पदर-ओढणी खोचलेली हवी. मशीन पूर्ण थांबेपर्यंत पडलेला तुकडा उचलायचा नाही.

सुतारकाम आपल्या मंडळ्यांना नवे नाही. अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळेत ते शिकवले जाई, आणि आपल्यातल्या काही घरांत अजून आजोबांचा रंधा असेल. तिथे मुलगा उस्तादाच्या शेजारी उभा राहून शिके. आम्ही मशीन दिले आणि शेजारी उभे राहायला कोणी दिले नाही. ती चूक माझ्या नावावर आहे, कारण सामानाची यादी मी केली होती.

यापुढे आपल्या कामातून जे मशीन जाईल त्याबरोबर दोन घोड्या, एक ढकलकाठी आणि काकांचे दोन दिवस जातील. काकांनी होकार दिला आहे, जायची-यायची सोय मात्र करावी लागेल. आधी दिलेल्या मशीनच्या घोड्या अजून व्हायच्या आहेत. त्यासाठी सागाचे महाग लाकूड नको, जुन्या खाटेचे किंवा दाराचे चांगले दांडे चालतील. सनमायकाचे तुकडे हवेत, निदान फूटभर लांब. घरी धूळ खात पडलेल्या पटाश्या, गुण्या, शिकंजे असतील तर तेही. रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या मागच्या खोलीत आणून ठेवा, आणि कृपा करून खिळे काढून आणा.

तो तरुण पुन्हा कामाला लागला आहे. डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके अजून बधिर आहेत, म्हणून बारीक खिळा धरायला बायको मदत करते. गेल्या भेटीत त्याने दाराच्या सहा फळ्या माझ्यासमोर फाडल्या. शेवटची फळी पात्यापलीकडे गेली आणि घोडीवर जाऊन थांबली, आणि त्याने हात वर करून मला दाखवले की त्याने ती दाबली नव्हती.