मुक्या जनावराचे कष्ट आणि आपली करमणूक

लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारा कामगार हा बहुधा शेतकऱ्याचाच मुलगा असतो. पाळी सुटल्यावर चहाच्या टपरीवर तो पगारवाढीविषयी जितक्या तळमळीने बोलतो, तितक्याच तळमळीने जत्रेतल्या बैलगाडा शर्यतीविषयीही बोलतो. अशाच एका बैठकीत एका तरुणाने आम्हांला सरळ विचारले, "अण्णा, शर्यतीच्या बाबतीत तुम्ही गावाच्या बाजूचे की शहरवाल्यांच्या?" त्या वेळी आम्हांला नीट उत्तर देता आले नाही. ते आज येथे देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम कायद्याची हकिगत थोडक्यात सांगितली पाहिजे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा. ज्या जनावरांना खेळासाठी शिकविता वा नाचविता येणार नाही, अशांच्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह हे आधीच होते. ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेने त्यांत बैलाची भर पडली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि आपल्याकडील बैलगाडा शर्यती या दोन्हींना मनाई केली. बैल हा ओढकामाचा प्राणी आहे, घोड्याप्रमाणे धावण्यासाठी त्याची शरीररचना नाही, असे न्यायालयाने म्हटले. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने व जनावरास इजा न करण्याच्या अटीवर शर्यतींना वाट दिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने त्या सुरू होऊ दिल्या आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही दुरुस्ती वैध ठरविली.

म्हणजे आज शर्यत कायदेशीर आहे. परंतु कायदेशीर ते योग्यच असते, असे कामगार चळवळीत आयुष्य घालविलेल्या माणसाने कधीच मानलेले नाही.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. कायदे वाचावयास शिकलो ते कामगारांच्या तक्रारींपायी. १९४८ च्या कारखाना कायद्याने माणसाला दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती द्यावी, असे ठरविले. पुढे ओझी वाहणाऱ्या व गाडी ओढणाऱ्या जनावरांसंबंधीचे १९६५ चे नियम आमच्या हाती आले. त्यांतही हेच दोन आकडे: दिवसाला नऊ तास, आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम नाही. शिवाय तापमान ३७ अंशांच्या वर असेल तेथे दुपारी बारा ते तीन या वेळात जनावर जुंपावयाचे नाही आणि खिळ्याची काठी, म्हणजे आपली पराणी, वापरावयाची नाही. हे वाचून आम्ही चकित झालो. बैलालाही कायद्याने मजूर मानले होते!

फरक एवढाच, की माणसाने आपले नऊ तास संप करून, तुरुंगात जाऊन मिळविले. बैलाला संप करता येत नाही. त्याचे नऊ तास दुसऱ्या कोणी तरी त्याच्यासाठी मागितले, म्हणून मिळाले. आणि ते पाळले जातात की नाही, हे उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर उभे राहिल्यास कोणालाही दिसेल.

आता शेतातल्या वा गाडीच्या बैलाच्या कष्टांना निदान एक कारण असते. त्याच्या मानेवर घरातील चार माणसांची भाकरी असते. म्हणून तर पोळ्याच्या वा बेंदराच्या आदल्या दिवशी आपण त्याचे खांदे हळद-तुपाने मळतो. ती एक प्रकारे ऋणाची कबुलीच होय. शर्यतीत मात्र कोणाचीही भाकरी अडलेली नसते. तेथे त्याच्या भीतीवाचून दुसरे काहीही उपयोगाला येत नाही. मागून आरोळ्या, पाठीवर चाबूक, शेपटी पिरगाळणे, ती दातांनी चावणे, काही ठिकाणी विजेचा झटका देणे, हे प्रकार न्यायालयापुढेही आले. बैल जिंकण्यासाठी धावत नाही. मागच्या त्रासापासून पळतो.

शर्यतीच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली परंपरेची. परंतु कोल्हापूर व बडोदे संस्थानांत हत्तींची साठमारी हीही परंपराच होती. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० साली पहिली भारतीय सर्कस उभी केली. मराठी माणसाला तिचा अभिमान आहे. तरी वाघ-सिंह सर्कशीतून गेले आणि मराठीपण काही उणे झाले नाही.

दुसरी गोष्ट अधिक वजनदार आहे. ट्रॅक्टर आल्यावर खिलार बैल सांभाळणार कोण? शर्यतीमुळे तो टिकतो. गाडामालक त्याला पोटच्या पोराप्रमाणे खाऊ घालतो. हे खरे आहे, आणि ही माया खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु दिवाळीला मिठाईचा पुडा देणाऱ्या मालकाला वर्षभर शिवीगाळ करण्याची मुभा आम्ही कधी दिली नाही. जात राखावयाची तर खिलार गाई पाळणाऱ्यास मदत, चांगल्या वळूंची जोपासना, जनावरांची प्रदर्शने हे मार्ग आहेत.

तिसरी तक्रार न्यायाची आहे आणि ती आम्हांला मान्य आहे. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर चाबकाखाली घोडे धावतात, पैसेवाले पैजा लावतात. २०११ च्या त्या यादीत घोडा नव्हता. गरिबाच्या खेळावर बंदी आणि श्रीमंताच्या खेळाला सूट, हा दुजाभावच झाला. परंतु शेजारच्या कारखान्यात कामगाराला मारतात म्हणून आपल्याही कारखान्यात मारू द्या, अशी मागणी आम्ही करीत नाही. दोन्हीकडचा मार थांबवा, अशी करतो.

तेव्हा त्या तरुणाला आमचे उत्तर असे. शर्यत तात्काळ बंद करा, असे सांगून तू ऐकणार नाहीस. पण निदान परवानगीपत्रावरच्या अटी तू स्वतः वाच. मैदानात कोणी पराणी काढली, शेपटीला दात लावला, तर तेथेच गाडी थांबव आणि तक्रार कर. कायद्याने त्याला पाच लाखांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. आणि मग पाहा, मारल्यावाचून बैल किती धावतो ते. तो धावलाच नाही, तर इतकी वर्षे आपण कशाला टाळ्या वाजवीत होतो, हे तुझे तुलाच कळेल. बाजूचे म्हणशील, तर गावाची बाजू आम्ही सोडलेली नाही. गावात बैलही राहतो, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे.