डोकं दिसू लागल्यावर

कळ ओसरली तरी बाळाचं डोकं मागे सरत नाही, तेव्हा लेबर रूममधला गलका एकदम वाढतो. सिस्टर, मावशी, शिकाऊ मुली, सगळ्या एका सुरात "जोर कर, जोर कर!" म्हणू लागतात. नेमका त्याच वेळी जोर नको असतो. मी बाईला सांगते, "आता जोर लावू नकोस. तोंड उघड, हा-हा करत श्वास सोड." डावा हात डोक्यावर ठेवून त्याचा वेग धरायचा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी दोन बाजूंना टेकवून ताणलेली कातडी मध्याकडे आणायची. योनी आणि गुदद्वार यांच्यामधली जागा, पेरिनियम, तेव्हा इतकी पातळ होते की पांढुरकी, चकचकीत दिसते. या जागेला वेळ दिला तर ती ताणते, नाहीतर फाटते.

मोठी फाट कुणाला पडेल याचा थोडा अंदाज आधी येतो. पहिलटकरीण, चार किलोंच्या पुढचं बाळ, तोंड वर करून येणारं बाळ, लांबलेली प्रसूती, अडकलेला खांदा. चिमटा लावावा लागला तर धोका आणखी वाढतो. व्हॅक्यूमने त्यापेक्षा कमी. यातलं बरंचसं आपल्या हातात नाही आणि यातलं काहीच नसलेली बाईही फाटू शकते. म्हणून जे हातात आहे त्याबद्दल मी हट्टी आहे. पेरिनियमवर गरम पाण्यात पिळलेलं फडकं धरायला काहीच खर्च येत नाही, आणि त्याने मोठ्या फाटी कमी होतात. पहिल्या खेपेला चीर द्यावीच लागते, हा समज मात्र अजून मुरलेला आहे. सरसकट चीर देऊ नका आणि वरून पोट दाबू नका, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालीच सांगितलं. चीर द्यावीच लागली तर ती बाजूला, साठ अंशांत हवी. सरळ खाली दिलेली चीर गुदद्वाराच्याच वाटेवर असते.

वार पडल्यावर खरी परीक्षा होते. टाके घेण्याआधी उजेड नीट पाडून, बाईला सांगून, गुदद्वारात बोट घालून तपासावंच लागतं. तिथला गोल स्नायू तुटला की परकराच्या नाडीसारखी त्याची टोकं आत ओढली जातात. वरून सगळं ठीक दिसतं, कातडीला टाके पडतात आणि आतला स्नायू तसाच राहतो. १९९३ साली लंडनमध्ये अब्दुल सुलतान आणि सहकाऱ्यांनी प्रसूतीनंतर सोनोग्राफी केली, तेव्हा सुमारे ३५ टक्के पहिलटकरणींच्या या स्नायूंना इजा झालेली आढळली. यातल्या बहुतेक इजा अनुभवी हाताला वेळीच सापडण्याजोग्या असतात, हे पुढच्या अभ्यासांतून कळलं. आपल्याकडे रात्रपाळीला, पुढची बाई टेबलाची वाट पाहत असताना, पहिल्यांदा गाळली जाते ती हीच तपासणी.

भोगते ती बाई. गॅस आवरत नाही, शी लागली की पळावं लागतं, कपडे खराब होतात. ती एसटीचा प्रवास टाळते, लग्नाकार्याला जात नाही, आणि बाळंतपणात असंच व्हायचं असं समजून गप्प राहते. सव्वा महिन्यानंतर बाळाला डोस द्यायला आलेल्या प्रत्येकीला मी सासूला बाहेर बसवून, साध्या शब्दांत हे विचारते. होकार आला तर पुढची तपासणी, व्यायाम, गरज पडल्यास ऑपरेशन असे मार्ग आहेत. पुढचं बाळंतपण कसं करायचं तेही त्यावरून ठरतं, म्हणून ते उत्तर केसपेपरवर ठळक अक्षरात लिहिते.