मालक दोन दिवस गावाला गेला तर दुकान कोण चालवतं?



आपली आष्टी घ्या. परतूर तालुक्यातली, बीडची नव्हे. कृषी सेवा केंद्र असो की हार्डवेअर, चित्र बहुतेक एकच. मृगाचा पाऊस पडला की बियाण्याला झुंबड. त्यातच कंपनीचा माणूस येऊन बसलेला, एक जण उधारीवर खत मागतोय, कामावरचा पोरगा विचारतोय, "शेठ, ही बॅग कितीला द्यायची?" आणि खिशातला फोन थांबत नाही. सगळं मालकाच्या डोक्यातून जातं. मालक दोन दिवस जालन्याला दवाखान्यात अडकला की ऐन हंगामात गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात. आणि गेलेलं गिऱ्हाईक लवकर परत येत नाही.

यावर उपाय आहे: मालकाचं 'ऑफिस'. एसी केबिन नव्हे हो! मालकाच्या हातांना जोडलेले दोन-तीन हात.

अमेरिकेच्या अध्यक्षालाही हाच त्रास

1930 च्या दशकात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे थेट येणारी खाती इतकी वाढली की एका माणसाला ती सांभाळणं शक्यच नव्हतं. 1937 मध्ये ब्राउनलो समितीनं तेच सांगितलं: अध्यक्षाला हाताखाली माणसं द्या. 1939 मध्ये अध्यक्षांचं कार्यकारी कार्यालय उभं राहिलं. बजेट पाहणारा विभाग अर्थखात्यातून काढून थेट या ऑफिसात आणला. कारण साधं आहे, पैसा कुठे जातो हे ज्याला दिसत नाही, त्याला काहीच दिसत नाही.

पण समितीची खरी मोलाची सूचना वेगळीच होती. या सहायकांनी स्वतःच्या अधिकारात निर्णय घ्यायचा नाही, हुकूम सोडायचा नाही. माहिती गोळा करून समोर ठेवायची आणि झालेला निर्णय पोचवायचा. बस्स.

रायगडावरची तीन टेबलं

आपल्याकडे अशी व्यवस्था 1674 मध्ये, राज्याभिषेकाच्या वेळीच होती. अष्टप्रधानांची नावं आपण शाळेत पाठ केली, कामं मात्र विसरलो. त्यातली तीन धंदेवाल्यानं लक्षात ठेवावीत.

दार: मंत्री म्हणजे वाकनीस, दत्ताजी त्रिंबक. महाराजांच्या रोजच्या कारभाराची नोंद, आमंत्रणं, भेटीगाठी, खाजगीकडची व्यवस्था यांच्याकडे.

कागद: सचिव म्हणजे सुरनीस, अण्णाजी दत्तो. राजपत्रं तपासायची, मजकुरात चूक असेल तर दुरुस्त करायची. पत्रं लिहायला चिटणीस बाळाजी आवजी होते. म्हणजे लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा.

पैसा: अमात्य म्हणजे मुजुमदार. राज्याचा जमाखर्च तपासून महाराजांपुढे ठेवायचा.

याची परीक्षा 1677 मध्ये झाली. महाराज दक्षिण दिग्विजयावर निघाले आणि वर्षाहून जास्त काळ रायगडापासून लांब राहिले. मागे कारभार चालू राहिला, कारण कोणतं काम कोणाचं हे आधीच ठरलेलं होतं.

बिघडतं कुठे?

महाराजांनी प्रधानांना रोख पगार दिला, पदं वंशपरंपरागत केली नाहीत. पुढे हा नियम सुटला. शाहू महाराजांच्या काळात 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले, मग पेशवेपद त्याच घराण्यात राहिलं. माणसं कर्तबगार होती, राज्यही वाढलं. पण 1749 मध्ये शाहू महाराज गेले आणि खरी सत्ता पुण्यात राहिली, छत्रपती साताऱ्यात नावापुरते उरले.

म्हणून काम सोपवा, पण निर्णयाची सीमा आखून द्या. भरवशाचा माणूस असला तरी दार, कागद आणि पैसा तिन्ही एकाच्याच हातात देऊ नका.

या आठवड्याचं काम

1. दार: काउंटरवर एक वही ठेवा. कोण आलं, काय हवं होतं, काय उत्तर दिलं. दरपत्रक भिंतीवर लावा, म्हणजे "कितीला द्यायची?" हा प्रश्नच संपला.

2. कागद: बिल एकानं करायचं, संध्याकाळी दुसऱ्यानं तपासायचं. दुकानात दोघंच असाल तर घरातल्या माणसाला हे काम द्या. बऱ्याच घरांत वहिनींचा हिशेब शेठपेक्षा पक्का असतो!

3. पैसा: रोजचा गल्ला, उधारी आणि देणी हे तीन आकडे रात्री तुमच्यापुढे आलेच पाहिजेत. तुम्ही परगावी असलात तरी व्हॉट्सॲपवर.

4. सीमा: कामगार स्वतःच्या अधिकारात किती रुपयांपर्यंत उधारी देऊ शकतो, हे आकड्यात लिहून द्या. त्यापुढे तुमची परवानगी. नवा माल, भाव आणि माणूस ठेवणं हे तुमच्याकडेच ठेवा.

मग हंगाम नसताना एक दिवस दुकानापासून लांब राहा. त्या दिवशी तुम्हाला किती फोन आले ते मोजा. प्रत्येक फोन म्हणजे न लिहिलेला एक नियम. तो लिहा, पुढच्या महिन्यात परत मोजा. जून उजाडायच्या आत हा आकडा निम्म्यावर आणा.