दवाखान्याच्या गॅलरीतील पानफुटी : नामनिश्चिती, संगोपन आणि वैद्यांची जबाबदारी

वैद्यबंधू-भगिनींच्या दवाखान्याबाहेर तुळस, अडुळसा, गुळवेल व कोरफड यांच्या कुंड्या मांडण्याची प्रथा आपल्याकडे जुनी आहे. त्या रांगेत गेल्या काही वर्षांत पानफुटीने हमखास स्थान मिळविले आहे. जाड, रसाळ पानांचे हे लहानसे झुडूप थोड्या जागेत व थोड्या पाण्यात वाढते. नुसते पान मातीवर टाकले तरी त्याला फूट येते, त्यामुळे त्याचे कौतुकही फार होते. रेल्वेच्या पश्चिमेस, उल्हास नदीच्या अंगाला वसलेल्या जुन्या बदलापूर गावात आता परसांची जागा इमारतींनी घेतली आहे. तुळशीवृंदावनाशेजारची झाडे खिडकीच्या जाळीत व गॅलरीत आली आहेत. अशा ठिकाणी ही वनस्पती उत्तम तग धरते. तथापि, दवाखान्यात ठेवलेले झाड शोभेपुरते राहत नाही. रुग्णाच्या दृष्टीने ते वैद्याने मान्य केलेले औषध ठरते. म्हणूनच तिची ओळख, जोपासना आणि वापराच्या मर्यादा यांचा एकत्रित विचार आम्ही येथे करीत आहोत.

परिचय व नामनिश्चिती

पानफुटीला संस्कृतात पर्णबीज हे नाव दिले गेले आहे. वनस्पतिशास्त्रात ती ब्रायोफायलम पिन्नाटम किंवा कॅलंको पिन्नाटा या नावांनी ओळखली जाते. तिचे कुल क्रॅसुलेसी होय. सॅलिसबरी या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०५ मध्ये योजलेल्या ‘ब्रायोफायलम’ या नावाचा अर्थही ‘फुटणारे पान’ असाच होतो. आपले मराठी नाव आणि हे ग्रीक मूळ असलेले नाव, दोन्ही एकाच गुणाकडे बोट दाखवितात.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे अगत्याचे आहे. बाजारात व लोकांच्या बोलण्यात पानफुटीला सर्रास ‘पाषाणभेद’ म्हटले जाते. चरकसंहितेत मूत्रविरेचनीय दशेमानीत पाषाणभेदाचा समावेश आहे आणि सुश्रुतसंहितेतील वीरतर्वादि गणात अश्मभेदक आलेला आहे. पानफुटीचे मूलस्थान मात्र मादागास्कर हे बेट असून, ती युरोपीय व्यापाराच्या काळात जगभर पसरली. संहिताकारांना अभिप्रेत असलेले द्रव्य ते हे असणे संभवत नाही. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने पाषाणभेद म्हणून हिमालयात उगवणाऱ्या बर्जेनिया सिलियाटा या वनस्पतीचे मूलकांड स्वीकारले आहे. एकाचे अंग मूलकांड, दुसऱ्याचे पान. एक थंड डोंगरकपारीतील, दुसरे उष्ण प्रदेशातील. निरनिराळ्या प्रांतांत कपूरमाधुरी व पानओवा यांनाही हेच नाव चिकटलेले आहे.

याचा अर्थ पानफुटी निरुपयोगी आहे असा नव्हे. जखमेवर व गळवावर तिचे वाफवलेले पान बांधण्याचा लोकव्यवहार सर्वत्र आढळतो. आधुनिक काळातील द्रव्यगुणग्रंथांनी तिला स्वतंत्र स्थान दिले आहे. आमचे म्हणणे इतकेच, की ज्या द्रव्याचे जे नाव, त्याच नावाने ते द्यावे. औषधनिर्मितीसाठी लागू असलेल्या शेड्यूल टी मध्ये कच्च्या मालाची ओळख पटवून त्याची नोंद ठेवणे अपेक्षित आहे. पानफुटीचे चूर्ण पाषाणभेद म्हणून पाकिटात भरणे हे शास्त्रालाही धरून नाही व कायद्यालाही.

रोपवाटिकेतून आणताना

बदलापूरहून नेरळ-कर्जतकडे जाताना रस्त्यालगत अनेक रोपवाटिका लागतात. तेथे ‘पानफुटी’ म्हणून निरनिराळी रोपे मिळतात. खऱ्या पानफुटीची खालची पाने साधी, तर वरची बहुधा तीन ते पाच पर्णिकांची असतात. कडा गोलसर दंतुर असून त्यांवर जांभळट रेघ दिसते. तिच्या पानावर पिले साधारणतः पान गळून पडल्यावर फुटतात. ज्या रोपाची पाने लांबट त्रिकोणी असून झाडावर असतानाच कडेने पिलांची माळ लागते, ते डेग्रेमोंटियाना जातीचे होय. ते शोभेसाठी आहे. औषधात त्याचा वापर करू नये. फुलांवरूनही ओळख पटते. हिवाळ्यात पानफुटीला खाली लोंबणारी, कागदी फुग्यासारख्या निदलपुंजातून डोकावणारी तांबूस फुले येतात. शंका असल्यास फुलोऱ्यासह नमुना मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संस्थेकडून तपासून घ्यावा. बदलापूरकरांना हे एका लोकल प्रवासाचे काम आहे.

लागवड

तळाला छिद्र असलेली आठ इंची मातीची कुंडी घ्यावी. तळाशी विटांचे तुकडे अंथरावेत. माती, जाड वाळू अथवा विटांचा चुरा आणि जुने कुजलेले शेणखत समभाग मिसळून कुंडी भरावी. पक्व, निरोगी पान ओलसर वाळूवर सपाट ठेवावे. ते पुरू नये. दहा-पंधरा दिवसांत पानाच्या खाचांतून मुळे व इवली पाने दिसू लागतात. पानांच्या दोन-तीन जोड्या आल्यावर पिले अलग करून स्वतंत्र लावावीत. एका पानापासून अनेक रोपे मिळत असल्याने मातृवृक्ष गमावण्याची भीती उरत नाही. २६ जुलै २००५ चा आणि जुलै २०१९ चा उल्हास नदीचा पूर ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी तळमजल्यावरील कुंडीखेरीज एखादे रोप वरच्या मजल्यावरही राखावे.

कुंडीची ऋतुचर्या

या वनस्पतीच्या पाण्याचे गणित तिच्या श्वसनात आहे. इतर झाडे दिवसा पर्णरंध्रे उघडतात. पानफुटी ती मुख्यतः रात्री उघडते, हवेतील कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपाने साठविते आणि दिवसा रंध्रे मिटून तो वापरते. या प्रक्रियेला क्रॅसुलेसी कुलावरूनच नाव मिळाले आहे. उन्हात पाणी फारसे उडून जात नसल्याने तिला पाणी थोडे पुरते आणि अधिक पाण्याने तिची मुळे कुजतात.

ग्रीष्मात आपल्याकडील दुपारचे ऊन प्रखर असते. पश्चिमेच्या गॅलरीत पाने लालसर होऊन करपतात, म्हणून कुंडी आडोशाला घ्यावी. सकाळचे तीन-चार तासांचे कोवळे ऊन पुरेसे होते. दोन बोटे खोलवर माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे.

वर्षा ऋतू हा पानफुटीच्या परीक्षेचा काळ होय. कुंडी छपराखाली, पण उजेडात व वाऱ्यात ठेवावी. कुंडीखालची ताटली काढून टाकावी. हवेत ओलावा असल्याने कित्येक दिवस पाणी देण्याची गरज पडत नाही. खोड बुंध्याशी मऊ व काळे पडल्यास झाड वाचविण्याच्या खटपटीत न पडता वरचे निरोगी पान काढून नव्याने सुरुवात करावी. गोगलगायी हाताने वेचाव्यात.

शरद व हेमंतात वाढ जोमदार होते. या काळात मूठभर शेणखत द्यावे. शिशिरात फुलोरा येऊन गेल्यावर खोड उंच व विरळ होते, तेव्हा छाटणी करावी. पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या फडक्याने पुसून घ्यावा अथवा निंबोळी अर्क वापरावा. औषधासाठी राखलेल्या झाडावर रासायनिक कीटकनाशक कदापि फवारू नये.

पान तोडण्याची वेळ

मद्रास इलाख्यात काम केलेल्या बेंजामिन हाइन या निसर्गअभ्यासकाचे एक पत्र १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. याच वनस्पतीचे पान सकाळी आंबट, दुपारी जवळजवळ बेचव आणि संध्याकाळी किंचित कडवट लागते, असे निरीक्षण त्याने त्यात नोंदविले होते. ते भारतात, केवळ जिभेने केलेले होते. रात्री साठलेले आम्ल दिवसभरात खर्ची पडते, हे त्याचे स्पष्टीकरण पुढे मिळाले. औषधिसंग्रहाच्या काळाला आपल्या शास्त्राने दिलेले महत्त्व येथे प्रत्यक्ष चाखून पाहता येते. एकाच झाडाचा सकाळचा व सायंकाळचा स्वरस रसाने भिन्न असेल, तर फार्मसीने पाने तोडण्याची एकच वेळ ठरवून ती नोंदवहीत लिहिली पाहिजे. अम्लपित्ताच्या रुग्णाबाबत हा विचार अधिकच आवश्यक आहे.

सावधगिरी

‘मुतखड्यावर रोज सकाळी दोन पाने खा’ हा सल्ला हल्ली शेजारीपाजारी देतात आणि रुग्ण तो महिनोन्‌महिने पाळतात. पानफुटीत बुफाडायनोलाइड वर्गाची द्रव्ये असतात. कोळकांद्यात असणारी हृदयावर कार्य करणारी द्रव्ये याच वर्गातील आहेत, हे वैद्यांना वेगळे सांगावयास नको. ऑस्ट्रेलियात या गटातील झाडे खाऊन गुरे दगावल्याचे शास्त्रीय साहित्यात नोंदलेले आहे, आणि पानांपेक्षा फुलोरा अधिक विषारी आढळला आहे. म्हणून डिगॉक्सिन घेणारे, हृद्रोगी आणि वृक्करोगी यांनी ती पोटात घेऊ नये. जर्मनी व स्वित्झर्लंडमध्ये अकाली प्रसूतिवेदना रोखण्यासाठी तिची औषधे वैद्यकीय देखरेखीखाली वापरली जातात. अर्थात, गर्भाशयावर तिचा परिणाम होतो. त्यामुळे गर्भिणींनी ती स्वतःच्या मनाने घेणे सर्वथा वर्ज्य समजावे. मुतखड्याच्या रुग्णास थंडीताप आला, लघवी अडली किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर पानांवर भरवसा न ठेवता त्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे.

आणखी एक कर्तव्य परिसराविषयीचे आहे. गॅलापागोस बेटांसह अनेक प्रदेशांत ही वनस्पती उपद्रवी तण बनली आहे. छाटलेल्या फांद्या नदीकाठी किंवा मोकाट गुरे फिरतात तेथे टाकू नयेत. प्रत्येक पान नवे झाड होऊ शकते. छाटणी उन्हात पूर्ण वाळवून मगच तिची विल्हेवाट लावावी. फुलोरा उमलताच तो काढून टाकणे श्रेयस्कर.

समारोप

पानफुटीच्या कुंडीवर एक छोटी पाटी लावावी, अशी आमची सर्व दवाखानदारांना व फार्मसीचालकांना विनंती आहे. तीवर ‘पर्णबीज (पानफुटी)’ हे नाव, वनस्पतिशास्त्रीय नाव आणि ‘वैद्यांच्या सल्ल्याशिवाय पोटात घेऊ नये’ ही सूचना असावी. ‘पाषाणभेद’ हा शब्द तीवर नसावा. रुग्ण ती पाटी वाचतील, प्रश्न विचारतील आणि त्या निमित्ताने वैद्यांना चार शब्द समजावून सांगता येतील. ज्या हातांनी आपण झाडाला पाणी घालतो, त्याच हातांनी औषधही देतो. दोन्ही ठिकाणी मात्रा सांभाळणे हेच आपले काम होय.