अंदाजाचा माल आणि त्याचे गिऱ्हाईक

५ नोव्हेंबर २०१५ रोजी बिहार विधानसभेच्या पाचव्या व अखेरच्या टप्प्याचे मतदान संपले आणि त्याच संध्याकाळी वृत्तवाहिन्यांनी आपापला माल मांडला. एक्झिट पोल हा शब्द आता खेड्यापाड्यातही परिचयाचा झाला आहे. मत देऊन बाहेर पडणाऱ्याला ‘मत कोणाला दिले?’ असे विचारायचे आणि त्या उत्तरांवरून निकाल वर्तवायचा, असा हा धंदा. त्याची चर्चा राजकारणाच्या पानावर पुष्कळ होते. आम्ही ती मुद्दाम व्यापाराच्या पानावर घेत आहोत, कारण येथे माल आहे, कारागीर आहे, गिऱ्हाईक आहे, आणि खोट निघाली तर ती कोणी सोसायची हा प्रश्नही आहे.

बिहारमध्ये जागा २४३, बहुमताला १२२ लागतात. एका बाजूला भाजप व मित्रपक्षांची रालोआ, दुसऱ्या बाजूला नितीशकुमार, लालूप्रसाद आणि काँग्रेस यांची महाआघाडी. टुडेज चाणक्य या संस्थेने रालोआला १५५ जागा दिल्या. एनडीटीव्हीसाठी हंसा रिसर्चने रालोआला १२५ व महाआघाडीला ११० दिल्या. सी-व्होटरने महाआघाडीला १२२, तर एबीपी वाहिनीसाठी नील्सनने १३० दिल्या. ८ तारखेला मतमोजणी झाली तेव्हा महाआघाडीला १७८ आणि रालोआला ५८ जागा मिळाल्या. ज्यांचा विजेता बरोबर आला त्यांचाही हिशेब पन्नासच्या आसपास जागांनी चुकला होता.

आता गंमत पाहा. अ‍ॅक्सिस माय इंडिया या संस्थेने महाआघाडीला १६९ ते १८३ आणि रालोआला ५८ ते ७० जागा दिल्या होत्या. एवढा नेमका अंदाज दुसऱ्या कोणाचाही नव्हता. परंतु ज्या सीएनएन-आयबीएन वाहिनीसाठी हे काम झाले, तिने ते दाखवलेच नाही. शेवटी संस्थेने आपले आकडे इंटरनेटवर स्वतःच प्रसिद्ध केले. सगळ्या बाजारात एक भाव चालू असताना एखादा दुकानदार निराळाच भाव सांगू लागला, तर त्याचा माल ठेवून घ्यायला आडत्या कचरतो. धान्याच्या पेठेत हे आपण नेहमी पाहतो. अंदाजांच्या पेठेतही तसेच घडते. ‘चुकायचेच तर सगळ्यांबरोबर चुकू’ हा हिशेब या धंद्यात फार चालतो असे आमचे मत आहे. सगळे चुकले तर कोणाचीच पत जात नाही.

चाणक्यची गोष्ट याच्या उलट. २०१४ च्या लोकसभेत या संस्थेने रालोआला ३४० च्या घरात जागा दिल्या होत्या व प्रत्यक्षात ३३६ आल्या, त्यामुळे तिचे नाव गाजले होते. बिहारच्या निकालानंतर तिने जाहीर माफी मागितली व संगणकातील साच्यात दोन आघाड्यांचे आकडे अदलाबदल झाले असे कारण दिले. कारण खरेही असेल. पण मग आमच्यासारख्याला असा प्रश्न पडतो की, तीन दिवस तो आकडा देशभर फिरत होता, तेव्हा कारखान्यात कोणी माल तपासून पाहत नव्हते काय?

वाचकांपैकी अनेकांचा समज असा की, जास्त लोकांना विचारले की अंदाज पक्का होतो. हंसाने सुमारे ७६ हजार मतदारांना विचारले होते! नमुना नीट निवडला असेल तर हजार माणसांच्या चाचणीत साधारण तीन टक्के इकडेतिकडे होते. ही चूक निम्मी करायची तर माणसे दुप्पट नव्हे, चौपट लागतात, म्हणजे खर्चही जवळजवळ चौपट. म्हणून एका मर्यादेपुढे संख्या वाढवणे हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरतो. खरी खोट संख्येत नसतेच. कोणाला विचारले आणि त्याने खरे सांगितले का, यात ती असते. पोत्यातले वरचेच दाणे पाहिले, तर मूठभर पाहा की घमेलेभर पाहा, तळाचे कीड लागलेले धान्य दिसायचे नाही.

मतदान केंद्राबाहेर वही घेऊन उभ्या असलेल्या मुलाशी कोण बोलते? ज्याला बोलायची भीड नाही तो. मजूर, दलित वस्तीतली बाई, अतिमागास जातींतला माणूस, मुस्लिम मोहल्ल्यातला मतदार यांना अनोळखी माणसाने भर रस्त्यात मत विचारले तर ते टाळतात किंवा वारा पाहून उत्तर देतात. २०११ च्या जनगणनेनुसार बिहारमध्ये मुस्लिम लोकसंख्या सुमारे १७ टक्के आहे. नमुन्यात समजा ते १० टक्केच आले, तर संस्था त्या प्रत्येकाचे उत्तर १.७ माणसांइतके धरते. याला भारांकन म्हणतात. हिशेब म्हणून ते योग्यच आहे. पण जे बोलले त्यांचेच मत न बोललेल्यांचेही असेल हे त्यात गृहीत धरलेले असते. यावर दिल्लीच्या सीएसडीएस संस्थेतील लोकनीतीची मंडळी एक साधा उपाय करतात. मतदाराच्या घरी जाऊन त्याच्या हाती नकली मतपत्रिका देतात आणि ती त्याने स्वतःच पेटीत टाकायची. विचारणाऱ्यालाही उत्तर कळत नाही. काम वेळखाऊ व खर्चिक असते, आणि वाहिनीला तर संध्याकाळी साडेसहाला आकडा हवा असतो.

त्या वही घेतलेल्या मुलाचाही विचार करायला हवा. त्याला बहुधा भरलेल्या अर्जागणिक मेहनताना मिळतो. उन्हात चाळीस दारे ठोठावण्यापेक्षा सावलीत बसून चाळीस अर्ज भरणे सोपे, हे सांगायला नको. चांगल्या संस्था म्हणूनच काही अर्जांची फोनवरून फेरतपासणी करतात, संभाषण ध्वनिमुद्रित करतात. त्यालाही पैसे पडतात.

मग इतका खटाटोप करून या संस्था कमावतात कशावर? नील्सन, हंसा यांच्यासारख्यांचा मुख्य धंदा साबण, चहा, टूथपेस्ट कोण विकत घेतो हे कंपन्यांना सांगण्याचा आहे. निवडणूक ही त्यांची जाहिरात. कंपनीसाठी केलेले सर्वेक्षण चुकले तर बाहेर कोणाला कळत नाही. निवडणुकीचा निकाल मात्र तीन दिवसांत सगळ्या देशासमोर येतो. या दृष्टीने पाहता हा फार धाडसाचा व्यापार आहे आणि त्याबद्दल आम्हांला थोडे कौतुकही वाटते.

बिहारपुरते सांगायचे तर फारशा सर्वेक्षणाची गरजच नव्हती. २०१४ च्या लोकसभेत भाजप व मित्रपक्षांची मते सुमारे ३९ टक्के होती. राजद, काँग्रेस आणि वेगळा लढलेला जदयू यांची बेरीज सुमारे ४५ टक्के. २०१५ ला हे तिघे एकत्र आले. ज्याला खतावणी लिहिता येते त्याला हे गणित पोस्टकार्डावर मांडता आले असते. प्रत्यक्षात महाआघाडीला सुमारे ४२ व रालोआला ३४ टक्के मते मिळाली. मतांचा फरक आठ टक्के आणि जागा तिपटीहून जास्त. टक्क्यांवरून जागा काढताना अंदाज एवढे का घसरतात ते यावरून कळावे.

नुकसान मात्र तिसऱ्याचेच झाले. सोमवारी, ९ नोव्हेंबरला मुंबईचा शेअर बाजार उघडताच सेन्सेक्स सहाशेहून अधिक अंशांनी कोसळला. दिवस संपेपर्यंत तो सावरला व घट १४४ अंशांच्या आसपास राहिली. वाहिनीचा आकडा प्रमाण मानून ज्याने आधी माल भरला आणि सकाळी घाबरून विकला, त्याची भरपाई कोणी केली नाही. कायदाही यात काही करत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२६ अ मतदान चालू असताना एक्झिट पोल दाखवण्यास मनाई करते, दोन वर्षांपर्यंत कैदही सांगते. चुकीच्या आकड्याबद्दल त्यात शिक्षा नाही.

पुढे २०२० च्या बिहार निवडणुकीत अ‍ॅक्सिसने महाआघाडीला १३९ ते १६१ जागा दिल्या आणि सत्ता रालोआची आली. २०२५ ला बहुतेकांनी रालोआचा विजय बरोबर सांगितला, पण २०२ हा आकडा बहुतेकांच्या हाती लागला नाही. आणि २०२० चा निकाल काय होता? रालोआ १२५, महाआघाडी ११०. हंसाने २०१५ साली दिलेले तेच आकडे, फक्त पाच वर्षे आधी.