रात्री अकरानंतरचा टीव्ही आणि आपल्या पेटीतले यंत्र

गेल्या वर्षावासात वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातल्या एका गावी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला आम्ही गेलो होतो. वाचन संपले, बाया-माणसे घराकडे निघाली. एक मावशी मात्र विहाराच्या दाराशी थांबल्या. सगळे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "ताई, टीव्हीवर दाखवतात ते खरं असते का वो?"

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. रब्बीच्या हरभऱ्याला पाणी द्यायचे, पण वीज रात्रीची. घरधनी मोटार चालू करायला शेतात गेलेले, मुलगा दारू पिऊन पडलेला. मावशी टीव्ही लावून जाग्या बसलेल्या. पडद्यावर एक ओळखीचा नट आणि एक निवेदिका सोफ्यावर बसून गप्पा मारत होते. समोर प्रेक्षक होते. त्यातली एक बाई उठून रडत रडत सांगत होती, की हे यंत्र गळ्यात घातल्यापासून तिच्या मुलाची दारू सुटली. खाली फोन नंबर होता. मावशींनी फोन लावला. आठ दिवसांत खोका आला आणि बचत गटातून उचललेल्या कर्जातले २,९९९ रुपये त्यांनी मोजून दिले. खोक्यात सोनेरी मुलाम्याचे एक लॉकेट आणि एक चोपडी होती. दारू सुटली नाही. परत करावे म्हणून फोन लावला, तर तो कोणी उचलला नाही. विहारात लोक नावे ठेवतील या भीतीने त्यांनी तो खोका लोखंडी पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवून दिला.

मावशींना हसणे सोपे आहे. आपल्यातले काही जण म्हणतील, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि यंत्र विकत घेतले! पण आम्ही त्यानंतर आणखी काही वस्त्यांत सहज विषय काढला, तेव्हा असे खोके आणखी घरांत निघाले. इतक्या शहाण्यासवरत्या बाया एकाच ठिकाणी फसत असतील, तर दोष फक्त त्यांच्या समजुतीचा नाही. समोरची मांडणीच तशी केलेली आहे. ती समजून घ्यावी म्हणून हा लेख.

रात्र स्वस्त असते

टीव्ही वाहिनीचा धंदा वेळेचा आहे. संध्याकाळी सातपासून साडेदहापर्यंत घरातले सगळे टीव्हीसमोर असतात. त्या वेळातले दहा सेकंद मोठमोठ्या कंपन्या महाग भावाने घेतात. अकरा वाजले की प्रेक्षक कमी होतात आणि मोठे जाहिरातदार निघून जातात, पण वाहिनी तर चालूच ठेवावी लागते. ज्या वाहिन्या फुकट दिसतात, त्यांचे पोट तर जाहिरातीवरच. मग रात्रीचा अर्धा-अर्धा तास सलग विकला जातो. घेणारा आपली चित्रफीत आणून देतो आणि वाहिनी ती लावते.

त्या वेळी जागे कोण असते? रात्रपाळीवाला, आजाऱ्याची उशाशी बसून सेवा करणारी बाई, कर्जाच्या चिंतेने झोप न येणारा शेतकरी, व्यसनी माणसाची वाट पाहणारी त्याची आई. घरातले दुसरे माणूस जागे नसते, म्हणून "थांब, विचार कर" असे म्हणणारेही कोणी नसते. अशा माणसाला दारू, कर्ज, लग्न, नोकरी या चार गोष्टींवरचा उपाय कोणी रात्री साडेबाराला दाखवला, तर तो फोन का लावणार नाही?

सोफा आला कुठून?

या जाहिरातीतला सोफा, निवेदक, पाहुणा आणि टाळ्या वाजवणारे प्रेक्षक ही सगळी मांडणी अमेरिकेच्या रात्रीच्या टीव्हीतून आलेली आहे. तिथे एनबीसी या वाहिनीवर २७ सप्टेंबर १९५४ ला 'टुनाइट' हा गप्पांचा कार्यक्रम सुरू झाला. स्टीव्ह अ‍ॅलन हे त्याचे पहिले निवेदक. सुरुवातीला दिवसभराच्या बातम्यांवर विनोद, मग पाहुण्यांशी गप्पा, मग गाणे, असा त्याचा साचा. पुढे जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे तो चालवला. झोपण्याआधी कार्सन काय म्हणाले ते ऐकायचे, ही अमेरिकन घरांची सवय झाली. आपल्याकडे १९९७ मध्ये सोनी वाहिनीवर शेखर सुमन यांचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' आला, तो याच धर्तीवर.

या साच्याची ताकद विश्वासात आहे. रोज रात्री घरात येणारा माणूस घरचाच वाटू लागतो. जाहिरातदारांनी हे बरोबर हेरले. १९८४ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने टीव्हीवरील जाहिरातींच्या वेळेवरची मर्यादा उठवली आणि अर्ध्या तासाच्या जाहिरातींचा पूर आला. त्या दिसायला हुबेहूब गप्पांच्या कार्यक्रमासारख्या. १९९० च्या दशकात प्रसिद्ध गायिका डायन वॉरविक एका अशाच 'कार्यक्रमा'त बसून फोनवर भविष्य सांगणाऱ्यांची ओळख करून देत. फोनचा दर मिनिटाला जवळपास ४ डॉलर. पुढे 'मिस क्लिओ' आल्या. त्या जमैकाच्या अंतर्ज्ञानी म्हणून दाखवल्या गेल्या, प्रत्यक्षात जन्म लॉस एंजेलिसचा. त्यांचा चेहरा वापरणाऱ्या कंपन्यांवर तिथल्या व्यापार आयोगाने २००२ मध्ये खटला भरला. त्याच वर्षी तडजोड झाली. ग्राहकांकडची सुमारे ५० कोटी डॉलरची बिले कंपन्यांना सोडून द्यावी लागली आणि वर ५० लाख डॉलर भरावे लागले. शिकलेल्या, श्रीमंत अमेरिकेत एवढी माणसे रात्री फोन लावत होती, हे मावशींना नावे ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

तीच रात्र, दुसरे काम

रात्रीचा टीव्ही म्हणजे फक्त फसवणूक, असेही नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये कार्सन सुट्टीवर असताना एका आठवड्यासाठी कृष्णवर्णीय गायक हॅरी बेलाफोन्टे यांना त्यांच्या खुर्चीत बसवले गेले. त्यांच्या बऱ्याच पाहुण्या-कलावंतांत कृष्णवर्णीय होते. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्याच सोफ्यावर येऊन बोलले, रॉबर्ट केनेडीही आले. गोऱ्या कुटुंबांनी आपल्या घरात बसून किंग यांना निवांत बोलताना ऐकले. दोनच महिन्यांनी, ४ एप्रिलला, किंग यांची हत्या झाली. त्या आठवड्याच्या बहुतेक फिती वाहिनीने जपल्याच नाहीत. किंग आणि केनेडी यांच्या मुलाखती तेवढ्या उरल्या.

आजही तिथले रात्रीचे निवेदक सत्तेवर बोलतात आणि त्याची किंमतही मोजतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जिमी किमेल यांचा कार्यक्रम काही दिवस बंद ठेवला गेला आणि लोकांच्या संतापानंतर परत आला.

आपला अनुभवही असाच आहे. १८ मे २०१९ ला, बुद्धपौर्णिमेच्या दिवशी, स्टार प्रवाहवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर : महामानवाची गौरवगाथा' ही मालिका रात्री ९ वाजता सुरू झाली. वाशीमच्या वस्त्यांत तेव्हा काय वातावरण होते ते आम्ही पाहिले आहे. स्वयंपाक लवकर उरकायचा, ज्यांच्याकडे टीव्ही नाही त्यांनी शेजारी जायचे, माता रमाईचा प्रसंग आला की घरभर शांतता. तोच टीव्ही, तीच रात्र आणि त्याच बाया. म्हणजे पडद्यावर काय लागते आणि ते कोण लावते, याने फरक पडतो.

कायदा आपल्या बाजूने आहे

बहुतेकांना वाटते, टीव्हीवर दाखवतात म्हणजे सरकारची परवानगी असेल. मावशींनाही तसेच वाटले होते. वस्तुस्थिती उलट आहे.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि वर्षअखेर जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. तथाकथित चमत्काराच्या नावाने पैसा कमावणे, त्याचा प्रचार करून लोकांना फसवणे हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे तुरुंगवास आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंड. हा कायदा कोणाच्या देवपूजेच्या आड येत नाही, हे कायद्यातच लिहिले आहे. आक्षेप आहे तो दुसऱ्याच्या दुःखावर केलेल्या धंद्याला.

टीव्हीवर 'हनुमान चालिसा यंत्रा'ची जाहिरात पाहून एका शिक्षकाने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली. जानेवारी २०२१ मध्ये न्या. टी. व्ही. नलावडे आणि न्या. एम. जी. सेवलीकर यांच्या खंडपीठाने निकाल दिला. देवाच्या किंवा बाबाच्या नावाने, चमत्कारी शक्ती आहे असे सांगून टीव्हीवर यंत्र विकणे बेकायदेशीर आहे आणि जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येते, असे न्यायालयाने म्हटले. महाराष्ट्रात अशा जाहिराती दिसणार नाहीत यावर लक्ष ठेवायला कक्ष स्थापन करण्याचे निर्देश केंद्र व राज्य सरकारला दिले.

त्याआधीही नियम होतेच. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतला नियम ७ सांगतो, की वस्तूत अद्भुत किंवा अलौकिक गुण आहे असे भासवणारी जाहिरात चालणार नाही, आणि जाहिरात ही कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे. सोफ्यावरच्या गप्पा नेमका हाच नियम मोडतात. कोपऱ्यात बारीक अक्षरात सूचना लिहिली, तरी ती अर्धवट साक्षर बाईला रात्री साडेबाराला कशी वाचता येणार?

निकालाला आता काही वर्षे झाली. जाहिराती आमच्या पाहण्यात थांबलेल्या नाहीत, उलट मोबाईलवरही आल्या. तक्रार करणारे कमी, हे त्याचे एक मोठे कारण आहे. ज्यांना फसवले त्यांना लाज वाटते आणि ज्यांना कळते ते हसून वाहिनी बदलतात.

तथागतांनी काय केले?

दीघनिकायात केवट्ट सुत्त आहे. नालंदेचा केवट्ट नावाचा गृहस्थ तथागतांना विनवतो, की एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे नालंदेतल्या लोकांची श्रद्धा वाढेल. आजच्या भाषेत सांगायचे तर तो धम्माची जाहिरात करायला सांगत होता. तथागतांनी नकार दिला. चमत्कार दाखवण्यात त्यांना धोका दिसत होता. माणसाला योग्य शिकवण देऊन बदलवणे, हाच त्यांच्या मते खरा चमत्कार. ब्रह्मजाल सुत्तात तर भविष्य सांगणे, शुभाशुभ खुणा पाहणे अशा कमाईपासून भिक्खूने दूर राहावे, असे सविस्तर आले आहे.

हे सांगताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. हनुमानाचे यंत्र नको म्हणणाऱ्या आपल्याच काही घरांत दारासमोर 'लाफिंग बुद्धा' ठेवलेला असतो, पोटावर हात फिरवला की पैसा येतो म्हणून. तो तथागत नव्हे. ती चीनमधल्या बुदाई नावाच्या भिक्खूच्या लोककथेतली मूर्ती. यंत्र सोडून बुद्धाच्या नावाचे यंत्र धरले, तर प्रतिज्ञेचा अर्थ काय राहिला?

काय करायचे?

एक : जाहिरात दिसली की वाहिनीचे नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा आणि पडद्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढा. पुरावा हाच.

दोन : प्रत्येक पोलीस ठाण्यासाठी जादूटोणाविरोधी कायद्याखाली दक्षता अधिकारी असतो. तो पोलीस निरीक्षकाच्या दर्जाखालचा नसतो. तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

तीन : वाहिनीकडेही लेखी तक्रार करा. २०२१ च्या दुरुस्त नियमांप्रमाणे वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची असते आणि १५ दिवसांत उत्तर.

चार : पैसे गेले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही. त्यासाठी खोका, पावती आणि पार्सलवरचा पत्ता जपून ठेवा.

पाच, आणि सगळ्यात महत्त्वाचे : विहारात हा विषय काढा, पण फसलेल्या बाईला उभे करून नव्हे. मावशींचा मूळ प्रश्न यंत्राचा नव्हताच, मुलाच्या दारूचा होता. तो प्रश्न त्यांनी विहाराऐवजी रात्री साडेबाराला एका अनोळखी फोन नंबरला विचारला. दारूचे व्यसन हा आजार आहे, त्यावर उपचार होतात, व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. हे त्यांना आपल्यापैकी कोणी वेळेवर सांगितले नव्हते. यात चूक आपली, कार्यकर्त्यांचीही.

मावशींनी शेवटी पेटीतला खोका काढून आमच्याकडे दिला. तक्रार त्यांच्याच नावाने, त्यांच्याच सहीने दिली. पैसे मिळतील की नाही, ते पुढे कळेल. मुलाला घेऊन त्या दवाखान्यात दोनदा जाऊन आल्या आहेत. पुढच्या वाचनाला त्यांनी स्वतःच चार बायांसमोर ही गोष्ट सांगितली. त्यातल्या दोघी घरी जाऊन आपापले खोके घेऊन आल्या.

जयभीम! नमो बुद्धाय!