शंभर डॉलरची पेढी

मुंबई-सुरत मार्गावर हिऱ्यांची पुडकी नेणाऱ्या आंगडियांविषयी आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. लाखोंचा माल, लेखी कागद नाममात्र, आणि सारा व्यवहार पेढीच्या नावावर. दुसऱ्याची वस्तू तिसऱ्याच्या हाती बिनचूक पोहोचविणे हा व्यवसाय केवळ विश्वासावर चालतो, याचा असाच दाखला अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिॲटल या शहरातही सापडतो. ‘युनायटेड पार्सल सर्व्हिस’ अर्थात यूपीएस ही जगड्व्याळ कंपनी तेथे एका तळघरात जन्मास आली.

तिचे संस्थापक जेम्स केसी यांचा जन्म १८८८ सालचा. वडील आजारी, घरची स्थिती बेताची. म्हणून अकराव्या वर्षीच शाळा सोडून हा मुलगा दुकानांची पुडकी घरोघर पोहोचवू लागला. १९०७ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, क्लॉड रायन या मित्रासमवेत त्याने शंभर डॉलर कर्जाऊ घेऊन ‘अमेरिकन मेसेंजर कंपनी’ सुरू केली. कचेरी म्हणजे मद्यालयाखालील सहा फूट रुंद व सतरा फूट लांब खोली. मुले पायी वा सायकलवरून निरोप, सामान व जेवणाचे डबे पोहोचवीत. नम्रता, विश्वासूपणा, अहोरात्र सेवा आणि कमी दर ही केसींची चतु:सूत्री होती. माझ्यासारख्या बँकेत हयात घालविलेल्या माणसास या कर्जप्रकरणाचे कुतूहल वाटल्यावाचून राहत नाही. तारण काहीच नव्हते. ज्याने ते शंभर डॉलर दिले, त्याने माणूस पारखूनच दिले असणार.

टेलिफोन घरोघर आले आणि निरोप्यांचा धंदा ओसरू लागला. केसींनी वेळीच दुकानांच्या मालाकडे मोहरा वळविला. १९१३ मध्ये एव्हर्ट मॅकेब या प्रतिस्पर्ध्याशी त्यांनी भागीदारी केली व फोर्डची पहिली मोटार घेतली. खरी कल्पकता मात्र मोटारीत नव्हती. एकाच भागात जाणारी निरनिराळ्या दुकानांची पार्सले एकाच गाडीत भरावयाची, ही ती युक्ती. चार दुकानांच्या चार अर्ध्या रिकाम्या गाड्या एकाच गल्लीत फिरण्याऐवजी एक भरलेली गाडी फिरू लागली. खर्च घटला, दर उतरले, आणि आपली गाडी बाळगणे तोट्याचे आहे हे मोठमोठ्या दुकानांना कळून चुकले.

गाड्यांच्या रंगाचा किस्साही नमूद करण्याजोगा आहे. आधी पिवळ्या रंगाचा विचार होता. परंतु १९१६ मध्ये आलेले चार्ल्स सोडरस्ट्रॉम म्हणाले, पिवळी गाडी स्वच्छ राखणे अवघड. त्यांनी त्या काळच्या प्रतिष्ठित पुलमन रेल्वे डब्यांचा तपकिरी रंग सुचविला. तोच रंग आजही कंपनीची ओळख आहे.

१९१९ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे पाऊल पडले व सध्याचे नाव स्वीकारले गेले. १९२२ मध्ये लॉस एंजेलिस येथील एक कंपनी विकत घेतल्यावर कोणाचेही पार्सल स्वीकारणारी सार्वजनिक सेवा त्या परिसरात सुरू झाली. रोज ठरावीक वेळी दुकानातून माल उचलणे, आपल्याकडील व्ही.पी.प्रमाणे वसूल करावयाच्या रकमेसाठी धनादेश स्वीकारणे, घर बंद असल्यास पुन्हा फेरी मारणे, आठवड्याचे एकत्र बिल देणे या सोयी तिने दिल्या. १९२४ मध्ये पार्सलांची वर्गवारी सरकत्या पट्ट्यावर होऊ लागली. १९२९ मधील विमानसेवेचा प्रयोग मात्र महामंदीत बुडाला.

दुसऱ्या महायुद्धानंतर पायाच हलला. लोकांकडे मोटारी आल्या, वस्त्या उपनगरांत गेल्या, ग्राहक आपला माल आपणच नेऊ लागले. तेव्हा केसींनी ठरविले की दुकानांवर विसंबून न राहता देशभर कोणाचेही पार्सल कोठेही न्यावयाचे. म्हणजे सरकारी टपालखात्याशी थेट स्पर्धा! त्यात प्रत्येक राज्याची परवानगी निराळी आणि राज्याची सीमा ओलांडावयाची तर केंद्रीय आंतरराज्य वाणिज्य आयोगाची आणखी निराळी. शंभराहून अधिक अर्ज झाले, सुनावण्या झाल्या. १९५३ च्या सुमारास धरलेली ही वाट १९७५ मध्ये पुरी झाली आणि सलग भूभागावरील अठ्ठेचाळीस राज्यांतील प्रत्येक पत्त्यावर कंपनी पोहोचली. अवघी बावीस वर्षे! दर तिमाहीला नफ्याचा हिशेब मागणाऱ्या बाजाराने एवढा धीर धरला असता काय, याची मला शंका वाटते.

तो धीर शक्य झाला तो मालकीच्या रचनेमुळे. १९२७ पासून केसींनी शेअर सहकाऱ्यांना देऊ केले. शेअर बाजारात नोंदलेले नव्हते; त्यांची किंमत संचालक मंडळ ठरवी. गाडी चालवीत वर चढलेला व्यवस्थापक कंपनीचा भागीदार होई. स्वतः केसी अविवाहित राहिले. १९४८ मध्ये त्यांनी भावंडांसह आईच्या नावे ॲनी ई. केसी प्रतिष्ठान स्थापिले व पुढे निराधार मुलांच्या संगोपनाचे कार्य हाती घेतले. अकराव्या वर्षी कमवावयास लागलेल्या मुलाचे हे दान होते. १९८३ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्यामागे कंपनी आणखी फोफावली. १९८८ मध्ये स्वतःची विमानसेवा उभी राहिली. परंतु भागीदारीची ही ऊब सर्वांपर्यंत पोहोचली नव्हती. रात्री-पहाटे पार्सले चढविणारे हजारो कामगार अर्धवेळ वेतनावर होते. १९९७ च्या ऑगस्टमध्ये सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार कामगार संपावर गेले व पंधरा दिवस गाड्या थांबल्या. अखेर दहा हजार नव्या पूर्णवेळ जागा कंपनीस मान्य कराव्या लागल्या. माझ्या मते हा या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगा प्रसंग होय. कारण ज्या पेढीने व्यवस्थापकास मालक केले, तिलाच आपल्या हमालाचा विसर पडला होता.

१० नोव्हेंबर १९९९ रोजी कंपनीने सुमारे दहा टक्के भाग जनतेस विकून साडेपाच अब्ज डॉलर उभारले. अमेरिकेतील तोवरची ती सर्वांत मोठी भागविक्री होती. बाहेरच्यांच्या शेअरला एक मत आणि जुन्या सहकाऱ्यांच्या शेअरला दहा मते अशी तजवीज तेव्हा केली गेली. अर्धवेळ कामगारांचा प्रश्न मात्र मिटला नाही. २०२३ मध्ये संप अगदी दाराशी आला असता नवा करार झाला आणि अर्धवेळ कामगारास तासाला किमान २१ डॉलर देण्याचे ठरले.